श्रेणी प्रलंबित

गुरुवारी सकाळी, सुरतेच्या एका पाहुण्याला सूर्यास्त किती वाजता होतो ते सांगत असतानाच यशोधरेने समोरच्या पडद्यावर उघडलेले पत्र वाचले, आणि आपण सांगितलेली वेळ बरोबर होती की चूक, हे तिला पुढे कधीच आठवले नाही. पत्र चार ओळींचे होते. तुंगार्लीच्या चढावरचे हे हॉटेल गेल्या दिवाळीत नव्या मालकांच्या हाती गेले होते आणि नव्या मालकांनी जुन्या माणसांची कागदपत्रे कुठल्याशा तपासणी कंपनीकडे धाडली होती. नाव जुळले, जन्मतारीख जुळली, पत्ता जुळला. पदवी जुळली नाही. ‘विद्यापीठाकडे पदवी प्रदान केल्याची नोंद नाही. पर्यावरण अभ्यासक्रम : श्रेणी प्रलंबित. महिनाअखेरीपर्यंत महाविद्यालयाचे पत्र सादर न झाल्यास सध्याच्या पदाबाबत पुनर्विचार करावा लागेल.’ पाहुणा आभार मानून गेला. अकरा वर्षांच्या सरावाने चेहऱ्यावर बसलेले हसू मात्र जागेवरच राहिले. ते आपले नसून कुणीतरी काउंटरवर विसरून गेलेली वस्तू आहे, असे तिला वाटले.

“ताई, तुमचंही आलं का व्हेरिफिकेशन?” शेजारच्या खुर्चीतल्या मानसीने विचारले. “माझं क्लीन आलं बाई. मला वाटलं, दहावीचा फोटो बघूनच बाद करतील.”

“आलंय. एक विषय राहिलाय म्हणे.”

“कोणता? अकाउंट्स?”

“पर्यावरण.”

मानसी हसली. “पर्यावरणात कोण राहतं ताई? त्यात राहायचं तर मुद्दाम मेहनत घ्यावी लागते.”

यशोधरेने मान हलवली. मुलगी गमतीने बोलली होती, पण बोलली ते अक्षरशः खरे होते. मेहनत घ्यावी लागली होती. पंधरा वर्षांपूर्वी, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, तो एक विषय सगळ्यांच्या वाट्याला येत असे. कला, विज्ञान, वाणिज्य, कुणाचीच त्यातून सुटका नव्हती. तो गुणांच्या बेरजेत धरला जात नसे, टक्केवारीत दिसत नसे, त्याची पुस्तके कुणी विकत घेत नसे. शनिवारी दुपारी मोठ्या सभागृहात तिन्ही शाखा एकत्र बसत, सर माइकवरून ओझोनच्या थराबद्दल वाचून दाखवत, आणि मागच्या बाकांवर वडापावचे कागद हिंडत. लेखी परीक्षा झाली की एक प्रकल्प. प्रकल्प जमा झाला की एक श्रेणी. आणि ती श्रेणी मिळाल्याखेरीज पदवी नाही. तिच्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर ‘प्रथम वर्ग’ या शब्दांच्या डोक्यावर एक बारीक तारका होती आणि त्या तारकेचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापला होता. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ती गुणपत्रिका लोणावळ्याला नेऊन लॅमिनेट करून आणली आणि औंढ्याच्या घरात तथागतांच्या तसबिरीखाली टांगली. तारकेवर नेमका हवेचा एक बुडबुडा राहिला होता. दर जयंतीला वस्तीतल्या मुलांना वह्या वाटायला तिला बोलावले जाई, ‘आपल्या वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी’ असे माइकवरून सांगितले जाई, आणि टाळ्यांच्या आवाजात तिला तो बुडबुडा आठवे. मग घरी गेल्यावर ती त्या काचेसारख्या कागदावरून अंगठा फिरवून बुडबुडा जागेवर आहे ना, हे पाहून घेई. तिला ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. घरातल्या एखाद्या पायरीचा कोपरा निखळला आहे हे ठाऊक असूनही माणूस रोज तिथूनच चढतो उतरतो, पाय मात्र दुसऱ्या कडेला टाकतो, तसे तिने पंधरा वर्षे केले होते.

संध्याकाळी भांगरवाडीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत आल्यावर तिने दिवा न लावता कपाटाच्या वरच्या खणातून फाइल काढली. हिरव्या पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची फाइल. पहिल्या पानावर निळ्या शाईने मथळा होता, ‘औंढ्याचे पाणवठे’, आणि त्याखाली एकाच ओळीत दोन नावे, मध्ये एक ‘व’. निलेश व यशोधरा. आडनावे त्याने लिहिली नव्हती. तिने कारण विचारले नव्हते. कदाचित सरांनीच लिहू नका म्हटले असेल. कदाचित त्या वेळी, एकाच गावच्या दोन टोकांना राहणाऱ्या त्या दोघांना आडनावांशिवायचे एक पान हवेच असेल. सरांनी जोड्या हजेरीच्या पटावरची गावे पाहून लावल्या होत्या, हातातले खडू झटकत, पुढचे काहीही मनात न आणता. आपापल्या गावचा काहीतरी अभ्यास करा, मोजमाप हवे, नुसते निबंध नकोत, एवढेच ते म्हणाले. निलेश वरच्या आळीतला, शेतीभाती असलेल्या घरातला. ती खालच्या वस्तीतली, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी. सकाळच्या एकाच जीपमधून दोघे दोन वर्षे लोणावळ्याला येत होते आणि आजवर त्यांच्यात फक्त सुट्ट्या पैशांचे बोलणे झाले होते.

मोजमाप जानेवारीतल्या तीन रविवारी झाले. पहिल्या रविवारी वरच्या आळीतली विहीर: त्याने दोराला दगड बांधून खोली मोजली आणि ती विहिरीपासून दहा पावलांवर, उंबराच्या मुळीवर वही घेऊन उभी राहिली. तिला कुणी अडवले नव्हते. “ये की इकडं, दिसत न्हाई तितनं,” असे तो म्हणालाही होता. पण तिचे पाय तिथेच थांबले, आणि त्याने ते पाहिले, आणि मग प्रत्येक आकडा तो पुन्हा पुन्हा, गरजेपेक्षा मोठ्याने सांगत राहिला. जणू आवाज पोचला की अंतर उरत नाही. दुसऱ्या रविवारी वस्तीमागचा झरा. डोंगराच्या पोटातून दगडात बसवलेल्या लोखंडी नळीने येणारी करंगळीएवढी धार. धार मोजायची म्हणजे भांडे भरायला लागणारा वेळ मोजायचा. त्यासाठी एकाने हंडा धरायचा आणि एकाने घड्याळ पाहायचे. तिने हंडा धरला. तो वाकून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिला आणि ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत राहिला, आणि पाण्याचा आवाज हंड्याच्या तळाकडून गळ्याकडे चढत जाताना बारीक बारीक होत गेला. काठाला पाणी लागताच तो म्हणाला, “बास.” बेचाळीस. पुन्हा मोजले, पुन्हा बेचाळीस. तिसऱ्यांदा मोजायची काही गरज नव्हती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा मोजले. पाच वेळा तो “बास” म्हणाला आणि पाचही वेळा तो शब्द तिला वेगळा ऐकू आला. तिसऱ्या रविवारी मोजायला काहीच उरले नव्हते. तरी दोघे गेले होते.

प्रकल्प जमा करायचे तिने अंगावर घेतले. मग फाइल पिशवीत घालून ती तीन दिवस महाविद्यालयात नेत राहिली आणि तीन दिवस परत आणत राहिली. कार्यालयाच्या खिडकीपाशी फायलींचा ढीग होता, त्यावर शिपाई चहाचा ग्लास ठेवत असे. या ढिगात हे पान जाणार, श्रेणी मिळाली की रद्दीत जाणार, आणि मग जगात कुठेही त्यांची नावे एका ओळीत असणार नाहीत, या एका विचाराने तिचा हात पिशवीतून बाहेर येईना. बाकी काही नव्हते. पत्र नव्हते, फोटो नव्हता, बोललेला एखादा शब्द नव्हता. जमा करायच्या शेवटच्या दिवशी लोणावळ्याच्या फलाटावरच्या बाकावर तो विचारता झाला, “केली का जमा?” आणि ती म्हणाली, “केली.” तो बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. “बरं झालं,” म्हणाला. त्यानंतर तो सकाळच्या जीपऐवजी चुलतभावाच्या मोटरसायकलवरून येऊ लागला, आणि ती समजली की त्याच्या घरी कुणीतरी काहीतरी बोलले आहे. त्याच्या लग्नाची गाडी तिच्या वस्तीवरून गेली तेव्हा ती हॉटेलच्या नोकरीत नवी होती. तळेगावला कुठल्याशा गोदामात तो सुपरवायझर आहे, कायम झाला नाही, असे तिच्या कानांवर आले, आणि त्या दिवसापासून तिला एक भय लागले: दोघांचा प्रकल्प एकच होता, मग जी पदवी तिची अडली, ती त्याचीही अडली असणार. तिच्या एका हट्टापायी तोही कुठल्याशा कार्यालयात मान खाली घालून उभा असेल. हा अपराध तिने कुणाला सांगितला नाही. पण कधी कधी, पावसाळ्यात खोलीच्या भिंती ओल धरत, तेव्हा तिला वाटे की हा अपराधच त्यांचा संसार आहे. दोघांच्या मधोमध असलेली, दोघांची मिळून एकच, अशी ही एवढीच वस्तू.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून ती महाविद्यालयात गेली. सभागृह तेच होते. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर मात्र रंगीत चौकोनांचा एक मोठा तक्ता लागला होता: मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम, प्रत्येक चौकोनाखाली किती श्रेयांक ते लिहिलेले. खिडकीशी एक मुलगी आधीच भांडत होती. आतला तरुण लिपिक तिला समजावत होता.

“अपेक्षा, तू कॉमर्सची आहेस. खुला ऐच्छिक बाहेरच्या शाखेचाच घ्यावा लागतो. खगोलशास्त्र मिळालंय, चांगलं आहे की.”

“पण सर, तिकडं माझं कुणीच नाही. आमचा सगळा ग्रुप नाटकात आहे.”

“मैत्रिणी बघून विषय घेतात का?”

“मग काय बघून घेतात?” मुलगी म्हणाली. लिपिकाने तिचा अर्ज ठेवून घेतला.

यशोधरेची पाळी आली. लिपिकाचे नाव समर्थ होते. ते त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होते. तिने पत्र दाखवले. त्याने ते वाचून शिट्टी वाजवल्यासारखे ओठ केले.

“जुन्या पॅटर्नचं पर्यावरण. मॅडम, हे तर आता बंदच होतंय. महिनाअखेर शेवटची तारीख, त्यानंतर विद्यापीठ घेणार नाही. आमच्या पोरांना बघा, आपल्या शाखेबाहेरचे इतके विषय आहेत की मोजता मोजता वर्ष जातं. तुम्हाला एकच होता, तोही राहिला?”

“राहिला.”

“लेखी पास आहात का ते बघू.” तो आत जाऊन कापडी पाठीचे एक रजिस्टर घेऊन आला, फुंकर मारून त्याने धूळ उडवली आणि तिच्यासमोरच पाने उलटली. “हे तुमचं वर्ष. ह्या तुम्ही. लेखी झालंय. प्रकल्पाच्या रकान्यात काही नाही.”

तिची ओळ पुढे रिकामी होती. तिने तिथे पाहिलेच नाही. तिची नजर वर सरकत गेली, चार ओळी, पाच ओळी, आणि थांबली. निलेशचे नाव. त्यापुढे प्रकल्पाचा विषय, ‘औंढे गावची विहीर’. एकट्याचा, असा शेरा. जमा केल्याची तारीख. सही. श्रेणी ब. तारीख तिच्या फलाटावरच्या त्या संध्याकाळच्या आठ दिवस आधीची होती.

“ओळखीचे का?” समर्थने विचारले.

“गावचे,” ती म्हणाली.

म्हणजे त्याने विचारले, “केली का जमा?” तेव्हा त्याची स्वतःची फाइल आठ दिवसांपूर्वीच त्या ढिगात पडलेली होती. विहीर घेतली, झरा सोडला. दोराची खोली घेतली, बेचाळीस सेकंद सोडले. तिने रजिस्टरच्या त्या ओळीवर बोट ठेवले होते ते काढले. पंधरा वर्षे ज्याचे ओझे तिने दोघांचे म्हणून वाहिले, ते सुरुवातीपासून एकटीचेच होते, हे कळून तिला हलके वाटायला हवे होते. कुणाचे काही अडले नव्हते, कुणी तिच्यामुळे मान खाली घालून उभे नव्हते. पण छातीत जे झाले ते हलके नव्हते. घरातले सगळे बाहेरगावी गेल्यावर घर मोकळे होते, तसे काहीसे ते होते. आणि तरीही त्याने विचारले का? ज्याची स्वतःची फाइल आधीच गेली आहे, तो दुसरीची गेली का, हे का विचारतो? तिने “केली” म्हटले तेव्हा तो रुळांकडे पाहत राहिला होता. तिला थांबवायला आला होता, की तिची पदवी अडू नये म्हणून आला होता, की ती दोन नावे खरोखर त्या ढिगात, सगळ्यांच्या नजरेपुढे गेली, हे ऐकून घाबरला होता? बाक आठवत होता, बाकाच्या फळीवर कुणीतरी कोरलेला बाण आठवत होता. त्याचा चेहरा मात्र रुळांकडेच राहिला.

“मॅडम, सोपं आहे,” समर्थ सांगत होता. “जुनी फाइल असेल तर आणा. पहिलं पान बदला, तुमचं एकटीचं नाव, तारीख आजची. आत कोण वाचतंय? श्रेणी लागली की मी पत्र देतो.”

रात्री जेवण झाल्यावर तिने फाइलची नाडी सोडली. पहिले पान निघाले. ते सुटेच होते. पण दुसऱ्या पानापासून तिला कळले की नुसते पहिले पान काढून चालणार नाही. वाक्ये तिच्या अक्षरात होती आणि आकडे त्याच्या. ‘झऱ्याची धार हिवाळ्यात एक हंडा भरण्यास’ इथपर्यंत ती, मग त्याचा किंचित उजवीकडे झुकलेला ४२, मग पुन्हा ती, ‘सेकंद घेते.’ प्रत्येक ओळीत कुठेतरी तो तिला मध्येच थांबवून एक संख्या ठेवून गेला होता. हे उसवायचे कसे? तिने पान पुन्हा जागेवर ठेवले, नाडी बांधली, आणि फाइल कपाटात परत ठेवताना तिला पहिल्यांदाच असे वाटले की आपण ती लपवत नसून नुसती ठेवतो आहोत. मग तिने खालच्या खणातून कोऱ्या पानांची एक वही काढून पिशवीत टाकली.

रविवारी ती औंढ्याला गेली. आबा ओट्यावर बसून मिसरी लावत होते. निवृत्ती हे त्यांचे नाव रेल्वेच्या पेन्शनच्या कागदांपुरतेच उरले होते, सगळ्या वस्तीचे ते आबाच. तीस वर्षे घाटातल्या रुळांवरून चालल्यामुळे त्यांची पावले अजूनही ठरावीक अंतरानेच पडत. तिने चहा केला, कप त्यांच्या हाती दिला आणि शेजारी बसून सरळ सांगून टाकले. एक विषय राहिला होता. प्रकल्प तिने दिलाच नव्हता. ती पदवीधर नाही.

आबांनी चहा बशीत ओतला. तो निवू दिला.

“मंजी पंध्रा वर्सं मी माइकवं लबाड बोललो व्हय?”

“तुम्ही नाही आबा. मी.”

“बोललो तर मीच. तू तर खाली मान घालून वह्या वाटायचीस. मला वाटायचं, पोर लाजती.” त्यांनी बशी ओठाला लावली. “नापास झाल्तीस?”

“नाही. फाइल द्यायची ती दिली नाही.”

“का?”

तिने मान वळवली. घरात, तसबिरीखाली, गुणपत्रिकेवर ऊन पडले होते.

“आता काय करायचं म्हंतेत?” त्यांनी दुसऱ्या बाजूने विचारले.

“पुन्हा मोजायचं. झरा. नऊ दिवसांत द्यायचंय.”

“मग हितं चा पीत काय बसलीस? हंडा घे.”

झऱ्यावर आता कुणी येत नसे. घरोघर नळ आले होते आणि वर डोंगराच्या उतारावर बंगल्यांच्या तारा, टाक्या आणि बोअरची निळी झाकणे दिसत होती. नळी मात्र तीच होती, गंजून काळी पडलेली, आणि तिच्या तोंडाशी शेवाळाची एक हिरवी जीभ लोंबत होती. तिने ते शेवाळ बोटांनी निपटून काढले. पाण्याचा स्पर्श होताच मनगटापर्यंत थंडी चढली. हा गारवा तिला पाठ होता, पंधरा वर्षांत त्यातला एक अंशही ती विसरली नव्हती. आबांनी पटक्याचा शेमला खोचला आणि हंडा नळीखाली धरायला ते पुढे झाले.

“तू मोज. मी धरतो. रेल्वेत असताना दोघांशिवाय काम न्हाई व्हायचं आमचं. एकानं रूळ ठोकायचा, दुसऱ्यानं ऐकायचं.” मग हंड्यात पाहत, जणू हंड्यालाच विचारल्यासारखे ते म्हणाले, “मागल्या टायमाला वरच्या आळीचं पोरगं व्हतं ना तुज्यासंगं? हौशीरामाचं.”

तिने वहीचे पान उलटले. “होतं. वर्गातलं.”

“घड्याळ चांगलं व्हतं त्याचं.”

तीन रविवार त्यांनी कुठून पाहिले होते, कुठल्या झाडाआडून, कुठल्या बांधावरून, आणि पाहूनही काही न बोलता कसे परत गेले होते, हे तिने विचारले नाही. पिशवीतून फोन काढून त्यावरचे घड्याळ लावता आले असते. तिने तो काढला आणि परत ठेवला. श्वास घेतला. “धरा,” म्हणाली.

धार हंड्यात पडली. आधीपेक्षा बारीक होती, हे डोळ्यांनाही दिसत होते, पण डोळ्यांवर तिने भरवसा ठेवला नाही. एक, दोन, तीन. तळाशी पाणी फुटत होते आणि आवाज जाड होता. बारा, तेरा. वरच्या बाजूने हायवेचा घोंगावणारा सूर येत होता, मध्येच एखादा ट्रक घाट उतरताना श्वास टाकल्यासारखा ब्रेक लावत होता. एकोणीस, वीस. आबांचे हात स्थिर होते. त्या हातांना जड वस्तू न हलवता धरून ठेवायची सवय होती. सत्तावीस. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे, दगडात मुरलेला, ओठांतल्या ओठांत पुटपुटणारा दुसरा. चौतीस, पस्तीस. पाणी हंड्याच्या पोटापर्यंतही आले नव्हते. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

“बेचाळीस,” ती म्हणाली, आणि थांबली.

कुणी “बास” म्हणाले नाही. झऱ्याची धार तशीच पडत होती, हंडा अर्ध्यावर होता, वरच्या आळीतल्या उंबराच्या बाजूने एक पाखरू उडून डोंगराकडे गेले. इतक्या वर्षांत एवढी एकच जागा होती जिथे ती रोज मनाने येऊन थांबत असे, आणि ती जागा आता प्रत्यक्ष पायांखाली होती, ओली, शेवाळलेली, चार बोटे रुंद. तिने डोळे हंड्यावरून काढले नाहीत.

“थांबलीस का?” आबा म्हणाले. “भरायचाय अजून. मोज की.”

“त्रेचाळीस,” यशोधरा म्हणाली.